ताप, दाब आणि मंडळाची उधारी

महाराष्ट्रात हल्ली टी-शर्ट छापल्याशिवाय कुठलंही कार्य सिद्धीस जात नाही. आषाढात दिंडीचा टी-शर्ट, श्रावणात गोविंदा पथकाचा, भाद्रपदात मंडळाचा, थंडी पडली की सोसायटीच्या टेनिस बॉल क्रिकेटचा आणि लग्नसराईत ‘नवरदेवाचा भाऊ’, ‘नवरीची करवली’ असे नात्यागोत्याचे. हळदीला कोण कोणाचं हे सांगायला आता आत्याबाई लागत नाहीत, समोरच्याची छाती वाचली की झालं. ट्रेकला निघालेल्या ग्रुपची वाट चुकली तरी चालते, पण टी-शर्ट एकसारखे नसतील तर गड चढल्याचा पुरावा काय? आणि भाऊंच्या वाढदिवसाला केक कापण्याआधी टी-शर्ट वाटले जातात, कारण केक पोटात जातो आणि भाऊ छातीवर राहतात.

एवढी मागणी दिसल्यावर घरोघरच्या एका तरी पोराच्या मनात येतंच की हे आपणच का छापू नये? आमच्याकडे ते माझ्या भाच्याच्या मनात आलं. इंजिनिअर आहे, नोकरी आहे, पण त्याला ‘स्वतःचं काहीतरी’ करायचं आहे. पूर्वी ‘स्वतःचं काहीतरी’ म्हणजे झेरॉक्सचं दुकान नाहीतर वडापावची गाडी असायची. आता कस्टम टी-शर्ट. त्यासाठी लागतं एक यंत्र, हीट प्रेस. खाली सपाट पाट, त्यावर सिलिकॉनची गादी, वर तापणारी जड पाटी, एक दांडा आणि समोर दोन आकडे. किती अंश आणि किती सेकंद. बस्स, एवढंच.

एवढ्या साध्या यंत्रावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी भाच्याच्या बारावीनंतरच्या प्रवेशावरही झाली नव्हती. एक काका म्हणाले, चिनी घेऊ नकोस. बाजारात बहुतेक सगळी चिनीच आहेत हे कळल्यावर म्हणाले, मग चांगली चिनी घे. शेजारच्यांनी विचारलं, एका तासात किती निघतात? भाच्याच्या मित्राला वायफायवालं हवं होतं. मशीनचा रंग कोणता, हेही विचारून झालं. मुद्द्याचा प्रश्न फक्त आजीनं विचारला. “इस्त्रीनं होत नाही का रे?”

सगळे हसले. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, कारण उत्तर कोणालाच येत नव्हतं. इस्त्रीनं होतं, पण अर्धवट होतं. इस्त्रीच्या पाटीला वाफेची भोकं असतात, तिचा ताप घटकेत वर घटकेत खाली, आणि दाब देणारा हात सकाळी वेगळा नि रात्री वेगळा. त्यामुळे ‘जय’ पक्का बसतो आणि ‘हिंद’ पहिल्या धुण्यात बालदीत सापडतं. हीट प्रेसचं सगळं काम म्हणजे ठरलेला ताप, सगळीकडे सारखा दाब आणि मोजून तेवढा वेळ. या तिघांतल्या एकानं जरी अंग काढून घेतलं, तरी उरलेले दोघे काही करू शकत नाहीत.

मग आम्ही दुकानात गेलो. हीट प्रेस विकणाऱ्या दुकानातला प्रयोग एकदा तरी बघण्यासारखा असतो. दुकानदारानं खणातून रुमालाएवढा पांढराशुभ्र तुकडा काढला, पाटावर टाकून तळहातानं सारखा केला. त्यावर पोपट छापलेला कागद पालथा घातला. कागदावरचा पोपट फिका, आजारी होता. दुकानदारानं दांडा खाली ओढला. आकडे ६० पासून उलटे सुरू झाले आणि दुकान गप्प झालं. गिऱ्हाईकं, पोऱ्या, कुरिअरवाला, सगळे त्या आकड्यांकडे बघत उभे. टी टी टी वाजलं, दांडा वर गेला, जरासा धूर निघाला. दुकानदारानं कागदाचा कोपरा चिमटीत धरला आणि एका दमात ओढला. पोपट ठणठणीत! पंख हिरवेगार, चोच लालभडक. भाच्यानं पैसे भरायला फोन बाहेर काढला.

मी विचारलं, “हे कापड कसलं?”

“मस्त कापड आहे काका.”

“ते दिसतंय. पण कसलं?”

“पॉलिस्टर.”

“आणि कॉटनवर?”

“कॉटनवर पण करतात लोक.”

“काळ्या कॉटनवर?”

यावर दुकानदारानं चहा मागवला.

चहा येईपर्यंत जे बाहेर आलं ते असं. पोपटाच्या या प्रकाराला सब्लिमेशन म्हणतात. २०० अंशांच्या आसपास कागदावरची शाई पातळ न होता थेट वायू होते आणि पॉलिस्टरच्या धाग्यात शिरून बसते. ती धुऊन जात नाही, हाताला लागत नाही. मात्र ही शाई कॉटनला ओळख देत नाही, दोनचार धुण्यांत निरोप घेते. शिवाय ती पारदर्शक असते आणि तिच्यात पांढरा रंगच नसतो, त्यामुळे काळ्या कापडावर हिरवा पोपट छापला तर तो अंधारात बसलेला राहतो. आता आपल्याकडचं कोणतं तरुण मंडळ पांढरं पॉलिस्टर घालतं? त्यांना काळं कॉटन हवं असतं, तेही बायोवॉश, १८० जीएसएम, तिरुपूरचं. म्हणजे दुकानातला पोपट आणि गल्लीतलं गिऱ्हाईक यांची या जन्मी गाठ पडायची नाही. मशीन बघायला जाणाऱ्यानं आपला टी-शर्ट बरोबर न्यावा तो यासाठी. बूट घ्यायला जाताना आपण स्वतःचेच पाय नेतो ना?

काळ्या कॉटनसाठी हल्ली डीटीएफ चालतं. यात चित्र आधी पारदर्शक फिल्मवर छापतात, रंगांच्या पाठीमागे पांढऱ्या शाईचा थर देतात आणि त्यावर डिंकाची पूड टाकून भाजतात. ती फिल्म टी-शर्टवर ठेवून १५०-१६० अंशांवर १०-१५ सेकंद दाबली की काम झालं. कॉटन असो, पॉलिस्टर असो, ती भेदभाव करत नाही. सगळ्यात सोयीची गोष्ट म्हणजे ही फिल्म जॉबवर्कवाले मीटरच्या भावानं छापून देतात. प्रिंटर त्यांचा, कटकट त्यांची. पांढरी शाई खाली बसते म्हणून ती सारखी हलती ठेवावी लागते, चार दिवस प्रिंटर बंद ठेवला तर हेड चोंदतं. हे सगळं दुसऱ्याच्या घरी घडू द्यावं आणि आपण नुसता प्रेस घ्यावा, हे कळायला भाच्याला दोन चहा लागले.

फिल्मचा एकच त्रास. बऱ्याच फिल्मा थंड झाल्यावर सोलायच्या असतात. पूर्ण थंड. हे पाकिटावर लिहिलेलं असतं, जॉबवर्कवाला फोनवर सांगतो, तरी आपल्याकडे गरम भजी ज्या हातानं उचलतात त्याच हातानं माणूस गरम फिल्म उचलतो. मग ‘श्रीमंत’ मधला ‘श्री’ फिल्मवर राहतो आणि मंडळ एका क्षणात निर्धन होतं.

भगव्या ड्रायफिटची गंमत तर वेगळीच. ड्रायफिट म्हणजे पॉलिस्टर. कापड आधीच रंगवलेलं असतं आणि तो रंगही ताप मिळाला की वायू होऊन हिंडायला लागतो. त्यामुळे भगव्या टी-शर्टवर पांढरीशुभ्र छापलेली अक्षरं दोनचार दिवसांत गुलाबी, मग नारिंगी होत जातात. छापणाऱ्याला वाटतं शाई खराब, गिऱ्हाईकाला वाटतं छापणारा खराब. प्रत्यक्षात अक्षरांनी शांतपणे पक्षांतर केलेलं असतं. उपाय म्हणजे ताप कमी ठेवायचा, गरज पडली तर रंग अडवणारा खास थर असलेली फिल्म मागवायची. म्हणून मशीन घेताना कमी तापावर ते स्थिर राहतं का हे बघायचं. २५० पर्यंत जातं का, हे विचारण्यात अर्थ नाही. तिथपर्यंत गेल्यावर टी-शर्ट उरत नाही.

आता पाटीचा आकार. सर्रास मिळते ती ३८ बाय ३८ सेंटिमीटरची, म्हणजे बाजारभाषेत पंधरा बाय पंधरा. दिसायला भरपूर वाटते, छातीवरच्या चित्राला पुरतेही. पण मंडळाच्या टी-शर्टचा खरा मजकूर पाठीवर असतो. तिथे वर साहेबांचा फोटो, त्याखाली दादांचा जरा लहान, त्याखाली भाऊंचा आणखी लहान, मग मंडळाचं नाव, स्थापना वर्ष, नवसाला पावणारा वगैरे, आणि सगळ्यात शेवटी ‘सौजन्य’. एवढं मावायला ए-थ्री कागद लागतो. ए-थ्री ४२ सेंटिमीटर लांब. पाटी ३८. उरलेले ४ सेंटिमीटर पाटीबाहेर. आणि त्या ४ सेंटिमीटरांत कोण असतं? ज्यानं खरोखर पैसे दिलेले असतात तो. वरचे तिघे घट्ट चिकटतात, सौजन्य तेवढं लोंबत राहतं. सरकवून दुसऱ्यांदा दाबता येतं, पण मग पाटीच्या कडेची रेघ बरोबर भाऊंच्या गळ्यावर उमटते, आणि त्याचा अर्थ कार्यकर्ते आपापल्या परीनं लावतात. तेव्हा मंडळांची कामं घेणाऱ्यानं ४० बाय ५० ची पाटी घ्यावी. वर्गणीदार दुखावत नाहीत.

मशीन उघडतं कसं, यावरून त्याचे तीन प्रकार पडतात. पहिला क्लॅमशेल, वर जबडा करून उघडणारा. जागा कमी, किंमत कमी, काम झटपट. पण तो पुरता उघडत नाही, त्यामुळे टी-शर्ट नीट बसवताना मनगट वरच्या पाटीला लागतं. या धंद्यातल्या जुन्या माणसाची ओळख व्हिजिटिंग कार्डावरून करू नये, मनगटावरच्या डागांवरून करावी. दुसरा स्विंग अवे. याची पाटी उचलून पूर्ण बाजूला फिरवता येते, समोर पाट मोकळा मिळतो, जाड कापडावरही दाब सारखा पडतो. याला बाजूला हातभर जागा लागते. भाच्यानं जिथे तो ठेवायचं ठरवलं होतं तिथे बाजूला ताईच्या देव्हाऱ्यावरचा पडदा होता, त्यामुळे तो विषय ताईनं एका वाक्यात संपवला. तिसरा ड्रॉवर, ज्यात खालचा पाट खणासारखा पुढे येतो. सोयीचा, सुरक्षित आणि महाग. महाग म्हटल्यावर आमच्याकडे त्याच्या बाकीच्या गुणांवर चर्चा झाली नाही.

क्लॅमशेलमध्ये चार पैसे जास्त देऊन आपोआप उघडणारा मिळतो. वेळ संपली की चुंबक सुटतो आणि जबडा वर जातो. ही चैन नाही. १५ सेकंद हा काळ फार फसवा असतो. तेवढ्यात खजिनदाराचा फोन येतो, “दोन एक्सएल वाढव, एक मीडियम कमी कर, आणि अध्यक्षांना एक्सएलच सांगितलाय पण तू ट्रिपल एक्सएल पाठव, त्यांना सांगू नको.” हे ऐकून, लिहून घेऊन, हो म्हणेपर्यंत मशीन बिचारं टी टी करत बसतं आणि पांढरा टी-शर्ट बिस्किटी होतो. चुंबकाला फोन येत नाहीत.

सगळ्यात मोठा मोह म्हणजे ‘फाइव्ह इन वन’. टी-शर्ट, टोपी, मग, छोटी प्लेट, मोठी प्लेट, सगळं एकाच मशीनवर. मराठी माणसाला एका पैशात पाच कामं म्हटलं की पुढचं ऐकू येत नाही. प्रत्यक्षात दर वेळी गरम पाटी काढायची, वायर बदलायची, दुसरं भांडं लावायचं, पुन्हा ताप ठरवायचा. एकदा टी-शर्टची पाटी बसली की ती काढायला कोणी धजत नाही, आणि बाकीचे चार भाग पलंगाखाली खोक्यात राहतात. पुढं कधीतरी वहिनी आपले रोजचे चहाचे मग घेऊन येतात, “यावर पिंट्याचा फोटो काढून दे.” तेव्हा त्यांना सांगावं लागतं की मगालाही आधी खास थर दिलेला असावा लागतो, घरातल्या मगावर पिंट्या बसणार नाही. वहिनी हे वैयक्तिक घेतात. ज्याला मगांचा धंदा करायचाय त्यानं मगाचं मशीन वेगळं घ्यावं, नात्यात दुरावा येत नाही.

यानंतरचा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही आणि घरी आल्यावर सगळेच विचारतात. याचा प्लग कुठे लावायचा? भिंतीवरचा साधा ६ ॲम्पियरचा सॉकेट २३० व्होल्टला फार तर १३८० वॅट देतो. लहान प्रेसही बहुतेक १४०० ते २००० वॅटचा असतो. म्हणजे मोबाइल चार्जरच्या शेजारी तो लावता येत नाही, एक्स्टेन्शन बोर्डावर तर मुळीच नाही. बोर्ड आधी मऊ होतो, मग वास येतो, मग शेजारी येतात. १६ ॲम्पियरचा पॉवर पॉइंट हवा, त्याला जाड वायर आणि चांगलं अर्थिंग हवं. असा पॉइंट आपल्या घरात बहुतेक बाथरूमच्या गिझरपाशी असतो, आणि जुन्या इमारतीत त्या लाइनवर आणखी काय काय जोडलंय हे फक्त मूळ वायरमनला माहीत. तो वायरमन गावी गेलेला असतो. ३००० वॅटचा झटपट गिझर आणि १८०० वॅटचा प्रेस एका लाइनवर आले की २१ ॲम्पियरच्या आसपास ओढ होते. १६ चा एमसीबी थोडा वेळ सोसतो, मग पडतो. तो बरोबर कधी पडतो हे भावोजींना विचारावं. साबण लावून झाल्यावर.

मशीनच्या डिस्प्लेवरही आंधळा विश्वास ठेवू नये. १६० दाखवतो म्हणजे मधल्या भागात कुठेतरी १६० असतं. स्वस्त पाट्यांचे कोपरे बरेच थंड राहतात, आणि त्याच कोपऱ्यांवर डिझाइनचे पहिले नि शेवटचे शब्द येतात. ते तपासायला इन्फ्रारेड थर्मामीटर नाहीतर तापानं रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळतात. भाच्यानं आधी सोसायटीच्या वॉचमनकडे कोरोनापासून पडून असलेली कपाळावर धरायची बंदूक आणली. तिची धाव माणसाच्या तापापुरती. ती प्रेससमोर धरल्यावर तिनं इंग्रजीत ‘हाय’ म्हटलं आणि विषय सोडला. कारखान्यात वापरतात ती बंदूक वेगळी. ती उसनी मिळत असेल तर मशीन घेण्याआधी घेऊन जावं आणि दुकानातच चारही कोपरे नि मध्य असा ताप घ्यावा. दुकानदार नाराज होतो. होऊ द्यावं.

आणखी एक गोष्ट ऋतूंची. आपल्याकडे टी-शर्टांचे सगळे मोठे हंगाम ऐन पावसात. वारी, दहीहंडी, गणपती. गठ्ठ्यातले टी-शर्ट हाताला कोरडे लागतात, पण हवेतली ओल कॉटननं पिऊन ठेवलेली असते. म्हणून फिल्म ठेवण्याआधी नुसता टी-शर्ट पाचएक सेकंद दाबून घ्यायचा. वाफ निघून जाते, सुरकुत्या जातात. एवढे पाच सेकंद वाचवले तर फिल्मखाली वाफ अडकते आणि मिरवणुकीत नाचताना बाप्पाच्या सोंडेला फोड येतात. मशीन कितीही भारी असलं तरी हे काम ते आपणहून करत नाही.

तसंच ते शुद्धलेखनही करत नाही. डिझाइन करणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर जुना फॉन्ट, छापणाऱ्याकडे युनिकोड, आणि मधल्या मध्ये रफार एक घर पुढे सरकतो. मंडळ लोगो पाठवतं तो व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट असतो, सोबत निरोप, “जरा एचडी करून घे.” प्रेस १६० अंशांवर चूकही तितकीच पक्की बसवतो जितका बरोबर मजकूर. म्हणून छापण्याआधी मंडळाच्या एकाच जबाबदार माणसाकडून लेखी ‘ओके’ घ्यावं. एकाच, कारण ग्रुपवर टाकलं की ४० अंगठे येतात आणि नंतर सगळे म्हणतात, आम्ही फक्त अंगठा दिला, वाचलं कुठं होतं?

या सगळ्यातून भाच्यानं शेवटी काय घेतलं म्हणाल, तर ४० बाय ५० ची सपाट पाटी, आपोआप उघडणारा क्लॅमशेल, आणि त्यासाठी एका चांगल्या वायरमनकडून स्वतंत्र पॉवर पॉइंट. पाच कामं करणारं नाही, एकच काम धड करणारं. ज्या कोणाला घ्यायचं असेल त्यानं खुशाल हेच घ्यावं. आपला काळा कॉटन टी-शर्ट बरोबर न्यावा, दुकानात छापून घ्यावा, एक दिवस तसाच ठेवावा, मग उलटा करून पाचसहा वेळा धुवावा आणि अक्षर जागेवर राहिलं तरच पैसे द्यावेत. आणि मंडळाचं काम असेल तर निम्मे पैसे हातात पडल्याशिवाय मशीनचं बटण दाबू नये. विसर्जनाच्या दिवशी ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हटलं की बाप्पा येतो. खजिनदार येत नाही.